आठ महिन्यांची वेणी

फणीत अडकलेला एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये तो लांबीच्या दिशेने धरा आणि बोटं पुढे-मागे चोळा. बोटं जेवढी पुढे जातात तेवढीच मागे येतात, तेव्हा केसाने जागच्या जागी राहायला हवं. पण तो चालू लागतो, तेही कायम एकाच बाजूला. मूळ पुढे, टोक मागे. उलटा धरून पाहा, तरी मूळच पुढे जाणार.

केसाच्या अंगावर कौलारू छपरासारखे पापुद्रे बसवलेले असतात. एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा जाड आणि त्यांचे पाच ते दहा थर. प्रत्येक कौलाची मोकळी कड टोकाकडे असते. बोट मुळाकडून टोकाकडे गेलं तर सुळकन घसरतं. उलटं आलं तर कडांमध्ये अडकतं आणि केसालाच सोबत ओढून नेतं. लोकरीचा स्वेटर चुकीच्या तऱ्हेने धुतला की आटून घट्ट होतो, तोही याच कौलांमुळे. मोकळे तंतू एकमेकांत एकाच दिशेने चालत जातात आणि परत फिरत नाहीत.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण हल्ली छत्रपती संभाजीनगरातल्या पार्लरांमध्येही जो प्रश्न विचारला जातो त्याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. ‘माझे केस फार बारीक आहेत. महिनाभर टिकतील अशा वेण्या घातल्या तर तुटतील का?’ विचारणारीला डोकंभर बारीक वेण्या हव्या असतात, मधूनमधून रंगीत कृत्रिम केस गुंफलेल्या. रोज विंचरायला नको, जालना रोडवर स्कूटीवरून जाताना गुंता व्हायला नको. मागणी रास्त आहे. मोकळा केस दिवसभर वाऱ्यात, ओढणीत, पर्सच्या पट्ट्यात घासला जातो. वेणीत तो झाकलेला राहतो. आपल्याकडे शाळेतल्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी शिस्तीसाठी होत्या असं आपण समजतो, पण त्या वेण्यांनी मुलींचे केस खरोखर राखले.

बारीक केस म्हणजे विरळ केस नव्हे. डोक्यावर केस भरपूर असतील, पण एकेक केस किरकोळ अंगाचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साठ मायक्रॉनच्या आतबाहेरचा केस बारीक धरतात, ऐंशी-नव्वदचा जाड. फरक डोळ्यांना कळतही नाही, पण भूमिती त्याला मोठा करून टाकते. केस किती ओढ सोसेल हे त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे जाडीच्या वर्गावर ठरतं. वाकवताना तो किती ताठ राहील, हे जाडीच्या चौथ्या घातावर. नव्वद मायक्रॉनचा केस साठच्या केसापेक्षा फक्त दीडपट जाड असतो, पण ताकदीला सव्वादोनपट आणि ताठपणाला पाचपट भरतो. बारीक केस हातात लोण्यासारखा का वाटतो आणि गाठ पडायला टपलेला का असतो, ते इथे कळतं. त्याला वळायला काही कष्टच पडत नाहीत.

तरी त्याला दुबळा म्हणू नका. साठ मायक्रॉनचा निरोगी केस पन्नास-साठ ग्रॅम वजन पेलतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. गुणाकार केला तर आकडा पाच-सहा टनांवर जातो. हा हिशोब अर्थातच कागदावरचा, कारण डोक्याची कातडी एवढं सोसणार नाही. पण हे बळ येतं कुठून?

केसात वेणी असते, म्हणून. विल्यम अॅस्टबरी यांनी लीड्समध्ये १९३०च्या दशकात लोकरीतून आणि केसांतून क्ष-किरण सोडले. ताणलेल्या आणि न ताणलेल्या केसाची चित्रं वेगळी आली. म्हणजे आत काहीतरी उलगडत होतं. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१मध्ये ते कोडं सोडवलं. केराटिन या प्रथिनाची साखळी मळसूत्रासारखी पिळलेली असते. अशा दोन साखळ्या एकमेकींभोवती वळतात, त्या जोड्या आणखी जोड्यांशी गुंफल्या जातात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचे जुडगे होतात आणि त्या जुडग्यांनी केसाचा गाभा भरतो. आई लेकीच्या केसांचे तीन पेड घेऊन वेणी घालते तेव्हा ती एका फार जुन्या वेणीकामाचा शेवटचा पदर पुरा करत असते.

ही आतली वेणी दोन तऱ्हेच्या टाक्यांनी शिवलेली आहे. गंधकाचे टाके पक्के. हायड्रोजनचे टाके कच्चे, पण संख्येने अगणित. पाणी लागलं की कच्चे टाके उसवतात. केस जाडीला सुमारे पंधरा टक्के फुगतो, लांबीला जेमतेम एक-दोन टक्के, आणि ओढला तर कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त लांबतो. वाळताना टाके पुन्हा बसतात, केस ज्या आकारात असेल त्याच आकारात. रात्री वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा येतात, त्या याच. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. ओल्या, लांबलेल्या केसांची करकचून वेणी घातली, तर वाळताना केस मूळ लांबीवर यायला बघतो आणि वेणी आपोआप आणखी घट्ट होते. ओल्या केसांची वेणी घालू नकोस म्हणणारी आजी सर्दीचं कारण सांगत असेल. कारण चुकलं असेल, सल्ला बरोबर होता.

आता महिनाभराच्या वेणीकडे येऊ. महिनाच कशाला, आपल्या साहित्यात याहून लांबलेली वेणी आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवर वर्षभराचा शाप भोगतो आहे. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. ज्या वाकाटकांच्या राज्यात रामटेक होतं, त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने आपल्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. शेजारच्या सतराव्या लेण्यात आरसा हातात धरून नटणारी राजस्त्री रंगवलेली आहे. अजिंठ्याच्या बायकांचे अंबाडे, खोपे, फुलं आणि मोकळ्या बटा पाहताना दिवस पुरत नाही. म. के. ढवळीकरांनी अजिंठ्याच्या सांस्कृतिक अभ्यासावर १९७३मध्ये पुस्तक केलं, त्यात केशरचनांनाही त्यांनी मान दिला. तर त्या नटलेल्या जगात यक्षाची बायको नटत नाही. विरहाच्या पहिल्या दिवशी तिने एकच वेणी बांधली. शाप संपल्यावर ती यक्षानेच सोडायची. मेघ निघतो तेव्हा शापाचे चार महिने उरलेले आहेत, म्हणजे वेणी आठ महिन्यांची झाली आहे. कालिदास सांगतो, ती आता कठीण आणि खडबडीत झाली आहे, गालावर आली की टोचते.

टीकाकार इथे विरह पाहतात. मला इथे निरीक्षण दिसतं. केस सतत वाढत नसतो. दोन ते सहा वर्षं वाढतो, मग थांबतो, सुमारे तीन महिने नुसता मुळात बसून राहतो आणि गळतो. निरोगी डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस असे निवृत्त होतात. रोज विंचरलं तर ते फणीत येतात. वेणी बांधून ठेवली तर जातील कुठे? तिथेच राहतात, मुळातून सुटलेले आणि वेणीत अडकलेले. आठ महिन्यांचा हिशोब करा. बारा ते चोवीस हजार. डोक्यावरच्या लाखातले इतके केस मोकळे होऊन कौलांच्या जोरावर एकमेकांत चालत गेलेले. तेल नाही, नुसतं पाणी लागलेलं. वेणी कठीण होणार नाही तर काय होईल? दीड हजार वर्षांपूर्वीच्या कवीला केसाचे पापुद्रे ठाऊक नव्हते, पण न सोडलेली वेणी हाताला कशी लागते हे त्याने नेमकं पाहिलं होतं.

काव्यातून बाहेर आलं की हीच गोष्ट दुःखाची होते. न विंचरलेल्या केसांचा असा लगदा झाला की त्याला आपल्याकडे जट म्हणतात. देवीचा कौल आला, कापली तर कोप होईल, या भीतीने हजारो बायकांनी दोन-दोन किलोंची ओझी वर्षानुवर्षं डोक्यावर वागवली. कित्येक मुलींना जट आली म्हणून यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडलं गेलं. महाराष्ट्राने २००५मध्ये देवदासी प्रथा बंद करणारा कायदा केला, पण कायद्याने गुंता सुटत नाही. तो सोडवला अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, घरोघर जाऊन, समजूत घालून आणि मग कात्रीने. पुण्याच्या नंदिनी जाधव या कामासाठी ओळखल्या जातात. त्या व्यवसायाने ब्यूटिशियन होत्या हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. देवीचा कोप आणि अडकलेले गळलेले केस यांतला फरक केसांत हात घालणाऱ्या माणसाला चटकन दिसतो.

तेव्हा टिकाऊ वेणीची पहिली अडचण तुटण्याची नाही, साठण्याची आहे. चार आठवड्यांत दीड-दोन हजारांहून जास्त गळलेले केस वेण्यांत जमा होतात. वेण्या सोडल्यावर हातात झुपका येतो आणि मुलगी घाबरते. त्यातला बहुतेक भाग महिन्याची थकबाकी असते, नवीन नुकसान नव्हे. नुकसान होतं त्यानंतरच्या घाईत. वेणी सोडली आणि लगेच डोकं पाण्याखाली धरलं, की मोकळ्या केसांचा स्वेटर होतो. मग तो गुंता ओढताना चांगले केसही तुटतात. आधी कोरड्यावर, बोटांनी आणि थोड्या तेलाने सगळे गळलेले केस काढून घ्या, मग न्हा.

फणी कुठून चालवायची यावरही विज्ञान झालं आहे. हार्वर्डचे एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये एकमेकांत पिळलेल्या दोन धाग्यांतून फणी जाताना काय होतं याचं गणित मांडलं. उत्तर आलं: मोकळ्या टोकापासून सुरुवात करा, लहान-लहान हात मारा, हळूहळू वर जा. म्हणजे पीळ बाहेर पडायला वाट मिळते. वरून एकदम खाली ओढली तर सगळा पीळ टोकाशी दाबला जातो. महाराष्ट्रातली कुठलीही आई हे सांगेल, पण समीकरणाने तिच्या बाजूने साक्ष दिली याचा आनंद आहेच.

दुसरी अडचण मुळाशी. इथे आधीचा पन्नास ग्रॅमचा हिशोब फसवा ठरतो. समजा डोक्यावर शंभर वेण्या घातल्या आणि त्यांत तीनशे ग्रॅम कृत्रिम केस गुंफले. एका वेणीला तीन ग्रॅम, त्या वेणीत हजारेक केस, म्हणजे एका केसाला तीन मिलिग्रॅम. हे तर काहीच नाही! पण ओझं असं समान वाटलं जात नाही. पार्लरवाली ज्या बाजूने बट खेचते त्या बाजूचे, भांगाच्या कडेचे थोडेच केस सगळा ताण घेतात. बाकीचे सैल राहतात. कपाळ आणि कानशिलांवरचे कोवळे केस त्यात सगळ्यांत आधी सापडतात. आणि केस निर्जीव असला तरी त्याचं मूळ जिवंत आहे. केस तुटेल त्याच्या कितीतरी आधी, हलक्या पण अखंड ओढीने मूळ सुजतं, थकतं आणि बारीकातला बारीक केस देऊ लागतं. १९०७मध्ये ट्रेबिट्श नावाच्या अभ्यासकाने ग्रीनलंडच्या मुलींचे कपाळावरचे केस मागे हटलेले पाहिले आणि लिहून ठेवले. त्या डोक्यावर घट्ट बुचडा बांधत. ओढीमुळे पडणाऱ्या टकलाची वैद्यकातली ही पहिली मोठी नोंद.

बारीक आणि सरळ केसांच्या बाबतीत हा धोका वाढतो, कारण अशा केसांची वेणी टिकत नाही. बारीक वेण्यांची कला फुलली ती आफ्रिकेत. आपलं शहर वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियातला. त्याने १६१०च्या सुमारास खडकी वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्या इथिओपियात डोक्यालगत घातलेल्या वेण्यांना शुरुबा म्हणतात. सम्राट दुसरा तेवोद्रोस चित्रांत अशाच वेण्यांमध्ये दिसतो आणि केसांना लोणी लावायची रीत तिथे जुनी आहे. कुरळा केस शेजारच्या केसाला वळणावळणावर धरून ठेवतो. वेणी सैल असली तरी ती आठवडेच्या आठवडे राहते. सरळ, गुळगुळीत बारीक केस निसटतो. मग त्याला रोखायला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे घट्ट करणं. पद्धत आणायची तर तिची सैलसर पकड आणता येत नाही, फक्त दिसणं आणता येतं. त्याची भरपाई मुळं करतात.

कुरळ्या केसांनाही घट्टपणा मानवत नाही. केप टाउनच्या त्वचारोगतज्ज्ञ नॉन्ह्लान्ह्ला खुमालो यांनी शाळकरी मुली आणि बायकांची डोकी तपासली, तेव्हा वेणी घालताना दुखणं आणि पुढे केस गळणं यांचा संबंध त्यांना दिसला. रसायनांनी सरळ केलेल्या केसांवर ओढ पडली की धोका सर्वांत जास्त. आपल्याकडे वाचणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. स्मूदनिंग किंवा केराटिन केलेल्या बारीक केसांवर टिकाऊ वेण्या घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रसायनांनी केस आधीच कमकुवत झालेला असताना कशाच्या भरवशावर ओढायचं?

मग करावं काय? वेण्या कमी आणि जाड घाला. शंभराऐवजी पंधरा-वीस. केसांत केस भरायची आपली जुनी युक्ती म्हणजे गंगावन. तिची खुबी ही की ते रात्री काढून ठेवता येतं. गुंफलेले कृत्रिम केस काढता येत नाहीत, म्हणून ते हवेच असतील तर थोडे आणि खालच्या भागात. मुळाशी पहिले दोन-तीन वेढे सैल ठेवा, घट्टपणा खाली येऊ दे. सागरवेणी बारीक केसांना मानवते, कारण तिच्यात वाटेवरच्या बटा थोड्या-थोड्या घेतल्या जातात आणि ओढ एका जागी साठत नाही. एक गंमत शाळकरी मुलांना दाखवण्यासारखी आहे. तिपेडी वेणीत आलटून-पालटून सहा वेळा पेड ओलांडले की प्रत्येक पेड आपल्या मूळ जागी परत येतो. प्रत्येक जण मध्यभागी येतो, प्रत्येक जण कडेला जातो. घासणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. वेणीतली न्यायबुद्धी म्हणायची ती हीच. टोकाला नुसतं रबरबँड आवळू नका, कापडी रबर किंवा रिबीन बांधा.

तेलाचं म्हणाल, तर मुंबईतल्या मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांना लावून पाहिलं. केसांतलं प्रथिन धुताना वाहून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेलाने कमी केलं. लॉरिक आम्लाचा छोटा, सरळ रेणू गाभ्यापर्यंत शिरतो, पाण्याला वाट कमी मिळते आणि फुगणं-आकसणं घटतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा हा अभ्यास आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा. पण काम गाजलं आणि कारण पटण्याजोगं आहे. बारीक केसांना तेल न्हाण्याच्या आधी लावावं, वेणी घातल्यावर वरून थापू नये. आपल्या उन्हाळ्यातली धूळ त्यावर बसते आणि मग कौलांच्या कडा धुळीने घासल्या जातात.

झोपताना उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा घाला. शहराची शान असलेली हिमरू घ्यायचा मोह होईल, पण उठावदार नक्षी केसांना घासते. तिला दिवाणखान्यातच मिरवू द्या. मश्रू कापडाची रेशमी बाजू मात्र खरोखर गुळगुळीत असते.

आणि मुदत. जाड कुरळ्या केसांना डॉक्टर दोन-तीन महिन्यांची कमाल मर्यादा सांगतात. बारीक सरळ केसांना मी तीन आठवड्यांपुढे जाऊ नये असं म्हणेन. तेवढ्यात केस एक सेंटिमीटरच्या जवळपास वाढतो, वेणी मुळापासून लोंबू लागते आणि तिथेच गळलेल्या केसांची गाठ बसायला सुरुवात होते. एकदा सोडल्यावर तितकाच काळ डोकं मोकळं ठेवा.

वेणी घातल्यावर डोकं दुखलं, भुवया ताणल्यासारख्या वाटल्या किंवा मुळांशी बारीक पुटकुळ्या आल्या, तर वेणी त्याच दिवशी सोडा. पैसे गेल्याचं वाईट वाटेल, सोडा. कानशिलावरची केसांची रेष मागे हटताना दिसली तर तेलं बदलत वेळ घालवू नका, घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाऊन दाखवा. सुरुवातीच्या टप्प्यात ओढ थांबवली की केस बहुधा परत येतात. मुळाच्या जागी व्रण धरल्यावर येत नाहीत.